चिठ्ठी खालून वर वाचायची असते

मी एक जुना खिळा आहे. लांबी साडेचार इंच, स्वभाव वाईट. स्वभावाचे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार सोशिक निघतात. छत्री सोसते, खुर्ची सोसते, बंद पडलेले घड्याळसुद्धा सोसते, आणि शेवटी सगळ्यांना माफ करून माळ्यावर जाते. मित्रांनो, मी कोणालाही माफ केलेले नाही. ज्या गृहस्थांविषयी मी सांगणार आहे त्यांना तर मुळीच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तारेचा तुकडा तोडला, एका बाजूने ठोकून डोके काढले, दुसऱ्या बाजूने कापून टोक काढले. बालपण एवढेच. एका पुड्यात आम्ही दीडशे भावंडे होतो. बाकीची दारांच्या चौकटींत गेली, खोक्यांत गेली, भिंतींत गेली. ती सगळी टोक आत खुपसून आणि डोके बाहेर ठेवून सभ्यपणे जगतात. माझ्या वाट्याला उलटे आले. माझे मालक भाऊ यांनी नवे दुकान थाटले तेव्हा काउंटरच्या फळीचा एक चौकोनी तुकडा उरला होता. भाऊंनी त्यात मला खालून ठोकले आणि सरळ उभे केले. डोके फळीखाली, टोक वर. त्या दिवसापासून माझे काम एकच: समोर येईल ती चिठ्ठी भोसकायची. असे काम वर्षानुवर्षे केल्यावर स्वभाव गोड राहत नाही.

दुकान बर्गरचे होते. डावीकडे मोटार शिकवण्याचा वर्ग, उजवीकडे एक्स-रे काढणाऱ्याची खोली, समोर शिंपी. आत चार टेबले, एक काउंटर, आणि मागे एक अरुंद खोली, जिथे कांद्याची पोती, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काकड्यांच्या बरण्या आणि भांडी घासायचे बेसिन. तव्यापाशी भाऊ उभे राहत. काउंटरपाशी त्यांची थोरली बहीण. भाऊंची लेक लहानपणी काउंटरवरच पाय हलवत बसायची आणि तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्ली तिला आत्या म्हणू लागली. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला शिंपीसुद्धा.

आता चिठ्ठ्यांविषयी सांगतो. हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा सूड याच्यावर उभा आहे.

भाऊंच्या डोक्यावर धूर ओढणारा पंखा होता. तो धूर कमी आणि आवाज जास्त ओढत असे. काउंटरवरून हाक मारलेली तव्यापर्यंत पोचत नसे, म्हणून आत्या गिऱ्हाईकाची आवड चिठ्ठीवर लिहून माझ्यावर टोचायची आणि मला भाऊंच्या समोर सरकवायची. पण भाऊ वाचणाऱ्यांतले नव्हते, रचणाऱ्यांतले होते. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, यादी नको देऊस मला. चित्र दे. बर्गर जसा उभा राहणार तसंच लिही."

तेव्हापासून आत्या पेन्सिल कागदाच्या तळाशी टेकवायची आणि ओळ ओळ वर चढायची. सगळ्यांत खालची ओळ म्हणजे खालच्या बनावर पहिल्यांदा ठेवायची वस्तू. सगळ्यांत वरची ओळ म्हणजे झाकण घालण्याआधीची शेवटची. बन लिहायचा नाही. तो सगळ्यांनाच असतो. भाऊ चिठ्ठीकडे बघायचे आणि जिन्याने चढल्यासारखे रचत जायचे: तळाला पाने, म्हणजे गरम पॅटीचे पाणी बनात उतरत नाही. पानांवर पॅटी. पॅटी गरम असतानाच तिच्यावर चीज, म्हणजे ते वितळून अंगाला धरते. चीजमध्ये दाबून कांदा, म्हणजे तो घसरत नाही. आणि सॉस सगळ्यांत वर, कारण वरचा बन जाड असतो, त्याला पचतो.

"खालचा बन म्हणजे घरातलं थोरलं भावंड," भाऊ म्हणायचे. "सगळ्यांचा भार ह्याच्यावर, आणि तीळ मात्र वरच्याच्या डोक्यावर."

आत्या त्यांची थोरली बहीण होती. ती त्या वेळी चिठ्ठी जरा जोरात टोचायची.

मित्रांनो, माणसे आपल्या मुलांची नावे ठेवताना जेवढा विचार करत नाहीत तेवढा बर्गरमध्ये काय कुठे असावे याचा करतात. मोटार शिकवणाऱ्याला गल्लीत क्लचमास्तर म्हणत. त्यांना टोमॅटो वर्ज्य होता. एकदा ते गाडीत बर्गर खात असताना शिकाऊ बाईने अचानक ब्रेक दाबला होता आणि टोमॅटोची चकती काचेला जाऊन चिकटली होती. शिंपीकाकांना कांदा इतका पातळ लागे की त्यातून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता यावे. बन फक्त कापल्या बाजूने भाजायचा, पाठ भाजायची नाही, "उलट्या बाजूने कोण इस्त्री करतं?" असे ते विचारत. खरे तर उलट्या बाजूनेच करतात आणि ते त्यांना चांगले माहीत होते, पण बर्गरच्या बाबतीत त्यांचा धंदा त्यांना आठवत नसे. एक्स-रेवाला झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय पहिला घास घेत नसे. त्याला काकडीच्या दोन चकत्या लागत, एकीवर एक न येता, शेजारी शेजारी, छातीच्या फिल्ममधल्या फुप्फुसांसारख्या.

आणि कोपऱ्यावरच्या शाळेच्या हेडबाई. त्यांच्या बर्गरमध्ये कशाचाही रस कशालाही लागता कामा नये. टोमॅटो कागदाने टिपून घ्यायचा. खाली पानांचा दुहेरी थर. सॉस एक चमचा, तोही मधोमध, काठापासून दोन बोटे आत. त्या पांढऱ्याशिवाय दुसरा रंग घालत नसत आणि मधल्या सुट्टीत वीस मिनिटांत खाऊन परत वर्गावर जात. तेवीस वर्षांत त्यांच्या कपड्यांवर एक ठिपका पडला नाही. मी या गोष्टीचा अभिमान बाळगत असे. मला अभिमान बाळगण्यासारखे दुसरे फारसे काही नव्हते.

अशा एक्केचाळीस नेहमीच्या माणसांच्या चिठ्ठ्या माझ्या तळाशी कायमच्या होत्या. रोजच्या चिठ्ठ्या वर चढत आणि संध्याकाळी उतरत. त्या एक्केचाळीस कधी हलत नसत. आत्याला त्यांची गरज नव्हती, सगळे पाठ होते. तरी ती त्या ठेवायची. "विसरले तर?" ती म्हणायची. ती कधी विसरली नाही. एक्स-रेवाला एकदा मला बोटाने हलकेच टिचकी मारून म्हणाला होता, "अख्ख्या गल्लीचा रिपोर्ट ह्याच्यात आहे." माझ्या आयुष्यात झालेले कौतुक ते एवढेच. ते मला पाठ आहे.

मग भाऊंचा गुडघा गेला.

डॉक्टरांनी सांगितले, चार महिने उभे राहायचे नाही. भाऊंची लेक दवाखान्यात नर्स होती, तिला पाळ्या सोडून दुकानात उभे राहता येईना. तेव्हा तिचे यजमान, म्हणजे आमचे जावईबापू, पुढे आले. ते गाद्या विकणाऱ्या कंपनीत साहेब होते आणि ती कंपनी नुकतीच गुंडाळली होती. "थरांचा मला बारा वर्षांचा अनुभव आहे," असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मला वाटले विनोद केला. नव्हता केला.

त्यांनी तव्यावर एक आचारी नेमला. चांगला माणूस, समोर लिहिलेले असेल तसेच रचणारा. त्याला वाईट म्हणायला मला जागा सापडली नाही, आणि मी अशी जागा शोधण्यात कमी पडत नाही. मग त्यांनी काउंटरवर एक स्क्रीन बसवला आणि दुसरा तव्यासमोर. ज्या उंच स्टुलावर आत्या तेवीस वर्षे बसली तिथे स्क्रीनचा खांब आला.

"आत्या, तुम्ही आता आराम करा. मागे तुमच्यासाठी खुर्ची टाकलीय."

"कशाला? मी काही दमले नाही."

"म्हणूनच म्हणतो, आत्ताच करा. दमल्यावर कसला आराम होणार?"

बारा वर्षे गाद्या विकलेल्या माणसाशी आरामावर वाद घालू नये. आत्या एकोणसाठ वर्षांची होती, तिच्या गुडघ्यांना काही झाले नव्हते, तिला गल्लीतल्या प्रत्येकाची जीभ पाठ होती, आणि ती मागच्या खोलीत पोत्यांच्या मधे बसून कांदे कापू लागली. गिऱ्हाइकांनी विचारले तर जावईबापू आवाज खाली आणून सांगत, "आत्या आता थकल्या हो." भिंत पातळ होती. आत्याला ऐकू जायचे. कांदा कापताना डोळ्यांत पाणी आले तर कोणी काही विचारत नाही, एवढीच त्या खोलीची सोय.

ती त्या काउंटरवर परत बसली पाहिजे, असे मी त्याच दिवशी ठरवले. आणि त्या माणसाला रडवूनच बसली पाहिजे.

पहिली संधी तिसऱ्या दिवशी आली. जावईबापूंच्या डोक्यात एक कल्पना आली होती: नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या आवडी स्क्रीनमध्ये भरून ठेवायच्या, म्हणजे माणूस आला की एक बटण दाबायचे आणि झाले. त्यासाठी त्यांना त्या एक्केचाळीस चिठ्ठ्या हव्या होत्या. त्यांनी गठ्ठा मुठीत धरला आणि खसकन वर ओढला. मित्रांनो, चिठ्ठ्या ओढताना हात सावकाश आणि सरळ वर न्यायचा असतो. त्यांनी तिरका नेला. अंगठ्याखालच्या मांसात मी पाव इंच गेलो.

ते ओरडले. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

त्याचा बदला म्हणून त्यांनी मला उचलून मागच्या खोलीत नेले, बेसिनच्या कठड्यावर ठेवले आणि माझ्या टोकावर भांडी घासायचा ओला स्पंज खोचला. कागदाला भोसकले की कागद फाटतो, काहीतरी झाल्यासारखे वाटते. स्पंजाला काही होत नाही. तो नुसता बसतो आणि गळत राहतो. गंज तिथूनच सुरू झाला.

पण तिथे ठेवल्यामुळेच पुढचे मला दिसले. जावईबापू हाताला पट्टी बांधून त्याच खोलीत टेबलाशी बसले आणि चिठ्ठ्या भरू लागले. समोर आत्या कांदे कापत होती. त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली, जगातला प्रत्येक माणूस धरतो तशी धरली, आणि वरून खाली वाचायला लागले.

"सॉस… कांदा… चीज… पॅटी… पानं. हं."

आणि त्याच क्रमाने भरले. पहिला थर सॉस, दुसरा कांदा, तिसरा चीज.

आत्याची सुरी थांबली. तिने वर पाहिले. तिला दिसले. दुसरी चिठ्ठी भरून झाली, तिसरी झाली. मी स्पंजाखालून तिच्याकडे बघत होतो. सातव्या चिठ्ठीला जावईबापूंनी मान वर केली.

"आत्या, ह्यात सगळं बरोबर लिहिलंय ना तुम्ही? नंतर भानगड नको."

आत्याने सुरी फडक्याला पुसली.

"अक्षर न् अक्षर बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा कापू लागली. या वेळी कांदे फार सुरेख कापले गेले. शिंपीकाकांना दाखवण्यासारखे.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गल्लीने बर्गर उलटा खाल्ला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पोटात गेल्यावर सगळे एकच. असे म्हणणाऱ्याने बर्गर कधी मन लावून खाल्लेला नसतो. सॉस खालच्या बनावर पडला की बन आधीच ओला होतो. त्यावर कांदा, तो सॉसवरून घसरतो. वर गरम पॅटी, तिचे पाणी खाली उतरते आणि जो बन अजून तग धरून होता तोही हातात येतो. पाने सगळ्यांत वर, जिथे त्यांना काही काम नाही. क्लचमास्तरांचा बर्गर दुसऱ्या घासाला बुडातून फुटला. हुशार माणूस, त्यांनी तो पालथा करून खायचा प्रयत्न केला. पण वरचा बन असतो गोल. त्याच्यावर बर्गर डुलू लागला आणि सगळा माल डाव्या बाजूने बाहेर निघाला. "वळणावर असंच होतं," ते विषण्णपणे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

शिंपीकाकांनी तळाला बोट लावून पाहिले. "खालचं अस्तर भिजलंय," ते म्हणाले. एक्स-रेवाल्याने नेहमीप्रमाणे झाकण उघडले. आत पाने. त्याने बराच वेळ पाहिले. मग झाकण हळूच परत ठेवले.

"काय झालं?" जावईबापूंनी विचारले.

"मी काही सांगत नाही. आम्ही फक्त फोटो काढतो. सांगायचं ते डॉक्टर सांगतील."

जावईबापूंनी बनवाल्याला फोन करून झापले, तुमचे बन कच्चे येतात म्हणून. मग आचाऱ्याला झापले. मग त्यांनी माणसे कमी येतात असे पाहून थर वाढवले: उकडलेले अंडे, मक्याचे दाणे, मेयोनीज, अननसाची चकती. आठ थरांचा बर्गर, सगळा उलटा. तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या हळूहळू बसायला लागायचा, जुन्या गादीसारखा. मी मागच्या खोलीत स्पंजाखाली होतो, पण दाराच्या फटीतून सगळे दिसे आणि पातळ भिंतीतून ऐकू येई. एकामागून एक खुर्च्या सरकण्याचा आवाज. "उद्या बघतो" असे म्हणून जाणारे. ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते.

अकराव्या दिवशी हेडबाई मागच्या खोलीच्या दारात आल्या. हात कोपरांपासून वर धरलेले. छातीपासून कमरेपर्यंत पांढऱ्यावर सॉसचा एकच लांब ओघळ.

"आत्या, पाणी आहे का हो? आज तपासणी आहे. साहेब येऊन बसलेत."

आत्या धडपडत उठली. तिने माझ्या टोकावरचा स्पंज ओढून काढला, साबण लावला आणि पुसू लागली. डाग पसरला. हेडबाई खाली बघत नव्हत्या. त्या आत्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मी म्हटलं ना बाकीच्यांना," त्या म्हणाल्या, "आत्या काउंटरवर नाही, म्हणून होतंय हे. तुम्ही असता तर होऊ दिलं असतंत का?"

एक वाक्य पुरे होते. *चिठ्ठी उलटी वाचलीय.* ते आत्याच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. गप्प राहा, मी मनात म्हणालो, अजून थोडे दिवस, अजून तो रडलेला नाही. आत्या गप्प राहिली. हेडबाई छातीशी वही धरून तपासणीला गेल्या. आत्याने स्पंज धुतला, पिळला, परत धुतला. माझ्यावर परत ठेवला नाही. हातात धरून बसून राहिली.

मला हेडबाईंचे वाईट वाटले का? वाटले. पण सूड घेताना वाईट वाटून घ्यायला सवड नसते. ते नंतरसाठी ठेवावे लागते.

आता भाऊ. घरी अंथरुणावर त्यांना डॉक्टरांनी सगळे पथ्याचे लावले होते. बाराव्या दिवशी त्यांनी हट्ट धरला की आपल्याच दुकानातला एक बर्गर पाहिजे, नेहमीचा. लेकीने नेऊन दिला. भाऊंनी एक घास घेतला, तो गिळलासुद्धा नाही, आणि म्हणाले, "माझी काठी कुठे आहे?"

भर दुपारी ते दुकानात शिरले, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला लेक. उरलेली चार-पाच गिऱ्हाइके बसली होती. भाऊंनी आल्या आल्या हात पुढे केला.

"चिठ्ठी दाखवा."

जावईबापूंनी गठ्ठाच आणून दिला. "बघा ना. आत्यांच्याच अक्षरात आहे. मी अक्षर न् अक्षर तसंच भरलंय. मी स्वतः विचारलं होतं त्यांना."

भाऊंनी वरची चिठ्ठी खालून वर बोट फिरवत पाहिली. मग तव्यासमोरचा स्क्रीन पाहिला. मग मागच्या दाराकडे वळून म्हणाले, "ताई, बाहेर ये."

आत्या आली. हातात मी होतो. का उचलले तिने मला, कोण जाणे. काहीतरी धरायला लागते माणसाला.

"हे भरत होते तेव्हा कुठे होतीस तू?"

"समोर."

"दिसलं तुला?"

"दिसलं."

"मग?"

आत्याने एकदा जावयाकडे पाहिले. "मला आराम करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी आराम केला."

क्लचमास्तर खोकले. शिंपीकाकांनी तोंडातली टाचणी काढून कॉलरला लावली, म्हणजे नीट ऐकता यावे. जावईबापूंना कळायला जरा वेळ लागला. त्यांनी चिठ्ठी घेतली, खालून वर ओठ हलवत वाचली, आणि त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! बारा दिवस! हा दगा आहे, आत्या. चक्क दगा."

"आहेच," भाऊ म्हणाले. "तिचं मी बघतो. हेडबाईंचं ऐकलंय मी, ताई. तू स्वतः जाऊन सांगायचंस त्यांना, मी कोणाला पाठवणार नाही. पण जावईबापू, मला एक सांगा. ह्यात तुमची चिठ्ठी कुठे आहे?"

"माझी?"

"रोज इथेच जेवता ना? मग तुमच्यात काय काय घालायचं? कुठे घालायचं?"

"मला काय…" जावईबापूंनी खांदे उडवले. "मला काहीही चालतं."

मित्रांनो, त्या दुकानात तेवीस वर्षांत असे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. एक्स-रेवाल्याने हातातला बर्गर खाली ठेवला.

"काहीही?" भाऊंनी विचारले.

"म्हणजे, असेल ते. मी चोखंदळ नाही."

"खालचा बन ओला झाला तरी?"

"मी बघत नाही हो तेवढं."

भाऊ खुर्चीवर बसले. रागावलेले दिसत नव्हते. उलट, एखाद्याच्या दुखण्याचे नाव पहिल्यांदाच कळावे तसे दिसत होते. लेक नवऱ्याकडे बघत होती. सात वर्षांच्या संसारात काय स्वयंपाक करू म्हणून विचारल्यावर तिला काय उत्तर मिळत असेल, हे सगळ्या दुकानाला एकदम कळले.

"ताई," भाऊ म्हणाले, "काउंटरवर बस."

स्क्रीनचा खांब त्याच दुपारी हलला. स्टूल आले. मला घासून, पुसून, तेलाचे बोट लावून माझ्या जागी ठेवले. मी जिंकलो होतो. तुम्हाला वाटेल कहाणी इथे संपली.

दुसऱ्या दिवशी आत्या शाळेत गेली. हेडबाईंनी सगळे ऐकून घेतले. तपासणीच्या साहेबांनी डागाविषयी काही लिहिले नव्हते, पण बोलताना ते सारखे तिकडे बघत होते, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "तुम्ही पुसत होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं." आत्या हो म्हणाली. हेडबाई तेव्हापासून घरून डबा आणतात. त्यांची चिठ्ठी अजून माझ्या तळाशी आहे. आत्या ती काढत नाही आणि मीही सोडत नाही.

आणि जावईबापू? ते गेले नाहीत. बन आणायचे, भाजी आणायची, गॅसवाल्याशी भांडायचे, हे सगळे ते करू लागले, आणि चांगले करू लागले. दुपारी मागे उभे राहून असेल ते खायचे. तोंडाने आत्याची माफी मागितली नाही. ते रडलेही नाहीत. मला हे सलत होते. मी रोज विचार करायचो, याला दुखवायचे तरी कुठे? ज्या माणसाला टोमॅटो असला काय नसला काय सारखेच, त्याच्यावर सूड घ्यायला पकडच मिळत नाही. पुन्हा तोच स्पंज.

मग एक दिवस, साडेतीनच्या सुमारास, दुकान जवळजवळ रिकामे असताना, ते काउंटरच्या पुढच्या बाजूने आले. गिऱ्हाइकांच्या बाजूने. एक्स-रेवाला पुढे होता. त्याच्या मागे ते रांगेत उभे राहिले. दोघांचीच रांग. त्यांची पाळी आली.

"आत्या," ते म्हणाले. "माझ्यात… कांदा जरा कमी."

आत्याने पेन्सिल उचलली.

"आणि तो वर नको. चीजच्या खाली. पॅटीला चिकटून. चालेल का?"

"मला काय विचारता? खायचा तुम्हाला आहे."

"नाही, म्हणजे, तसं कोणी घेतं का?"

"कोणी घेत नाही," आत्या म्हणाली. "तुमचाच."

मी ताठ झालो. एवढे दिवस याचीच तर वाट पाहत होतो! आता त्यांना नावडते असे काहीतरी होते. आता त्यांना दुखणार होते. कांद्याचा अख्खा ढीग, जाड जाड चकत्या, सगळ्यांत वर, आणि वरून आत्याचे "अक्षर न् अक्षर बरोबर आहे." तिची पेन्सिल कागदाच्या तळाशी टेकली. मी श्वास रोखला असता, जर मला श्वास असता.

तिने पाने लिहिली. त्यावर पॅटी. त्यावर कांदा, कंसात कमी. मग चीज. मग सॉस. एक ओळ इकडची तिकडे नाही. आणि तिने ती चिठ्ठी माझ्यावर टोचली.

बर्गर तयार झाल्यावर तिने हाक मारली, सगळ्यांना मारते तशीच, खणखणीत: "कांदाकमी! कांदाकमी कोणाचा?" तेवढ्यात चहाला आलेले क्लचमास्तर वळून बघू लागले, शिंपीकाकांनी दारातून डोके काढले. दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली त्यांना कांदाकमी म्हणू लागली. मला वाटले, हेच ते! कंपनीतले साहेब, आणि भररस्त्यात "ओ कांदाकमी!" याहून मोठा सूड कोणता?

पण हाक आली की ते वळतात कसे, ते मी पाहिले आहे. लगबगीने वळतात. शाळेत हजेरी घेताना शेवटी राहिलेल्या मुलाचे नाव एकदाचे पुकारले जावे, तसे. ते खूश होतात, मित्रांनो. बर्गर दोन्ही हातांत धरून खालून एकदा बघतात, बन कोरडा आहे ना ते तपासतात, आणि मग खातात.

यासाठी का मी टोकदार झालो?

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. लोखंडाच्या वस्तू कोरड्या ठेवा, त्यांच्यावर ओले काही खोचू नका. कोणाला त्याच्या जागेवरून उठवण्याआधी तो दमला आहे का ते त्यालाच विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ऐका. आणि कोणावर खरोखरच सूड उगवायचा असेल, तर त्याला काय आवडते हे चुकूनही विचारू नका. एकदा ते कळले की हात उचलवत नाही. आत्याचे तेच झाले. माझे झालेले नाही. त्या माणसाची चिठ्ठी आता बेचाळिसावी म्हणून कायमची माझ्यात आहे, आणि तिला मी बाकीच्यांपेक्षा जरा मोठे भोक पाडले आहे.